मी चिखलदऱ्याला गेले नव्हते

छातीचा फोटो काढून झाला आहे आणि डॉक्टर अजून काही बोलले नाहीत, अशा वेळी बाहेरच्या बाकावर जे बसलेले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्या बाकावर मी बसलेली आहे. औषधांतलं मला कळत नाही, ते सांगणारी माणसं वेगळी. मला सांगायचं आहे लाजेबद्दल. खोकला गेला, ताप गेला, अंगावर मांस आलं, पण लाज काही केल्या जाईना. आता लोक या आजाराबद्दल मोकळेपणी बोलतात म्हणे. बोलत असतील बाप्पा! आमच्या वेळी, पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा, अमरावतीत क्षय हा शब्द कोणी घरात उच्चारत नव्हतं. 'तो आजार' म्हणायचे, आणि तेही दार लोटून.

डाग

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची दर बुधवारी प्रार्थनासभा असे, ती मी चालवायची. मला शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत वचनं पाठ म्हटली की बक्षीस मिळायचं, ती सवय लागली ती लागलीच. कोणी आजारी पडलं की बायका म्हणायच्या, "सुशीलाबाईले बोलवा, थ्या वचन सांगतीन." मी जायची, उशाशी बसून धडाधड वचनं म्हणायची आणि चहा पिऊन घरी यायची. मनन कसं करावं यावर तर मी सभेत कितीही वेळ बोलायची. गाय रवंथ करते तसं वचन सावकाश चघळावं, असं बायकांना सांगायची. स्वतः मात्र मी नुसतं गिळत होते.

एक दिवस फळ्याशी उभी असताना खोकला आला आणि रुमालाला लाल लागलं. पुढच्या बाकावरच्या मुलीला वाटलं, लाल खडू. मी रुमाल मुठीत धरून उरलेला तास शिकवला.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, आणि मला पहिला प्रश्न विचारला, "घरी लहान मूल आहे का?"

"आहे. मुलगी. चार वर्षांची."

"तिला जवळ घेऊ नका."

मला काय झालंय ते मला असं कळलं. आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. ते मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

घरी आम्ही चौघं. हे कचेरीत कारकून, मी, आमची लीली आणि सासूबाई. सासूबाईंना मी माय म्हणायची. माय वऱ्हाडातल्या खेड्यातली, विधवापणी मिशनच्या दवाखान्यात राबून तिनं यांना शिकवलं. बोलणं एकदम रोखठोक. त्याच संध्याकाळी तिनं माझं ताट, वाटी, गडवा वेगळा काढला आणि लीलीचं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं. यात वाईट काही नव्हतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पण लीली दारातून "आई, आई" करत हात पुढं करत होती आणि माय तिला कमरेला धरून मागं ओढत होती.

मग माय आम्हा दोघांसमोर बसली. "लोकाइले सांगाचं नाई. कळलं तर या पोट्टीसंग कोनी आपलं लेकरू खेळू देनार नाई. अन् बुधवारच्या बायका तुह्या हातचा चहा पितीन का?"

"मग सांगायचं काय?" मी विचारलं.

"चिखलदऱ्याले गेली म्हनू. तिकडं पोरीइच्या वसतिगृहात काम भेटलं म्हनू. कोन पाहाले जाते तिथवर?"

मी नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. चिखलदरा! थंड हवा, डोंगर, सेवेचं काम. आजारी बाईपेक्षा ती बाई किती छान दिसत होती.

बुधवारच्या बायकांनी माझ्यासाठी निरोपाची प्रार्थना केली. माझ्या सेवेवर आशीर्वाद मागितला. कौसल्याबाई म्हणून आमच्यातली एक हौशी बाई, ती डोळे पुसत म्हणाली, "तिथची कॉफी लय चांगली रायते म्हनतात. आमची आठवन ठेवजा." मी पदरात खोकत होते आणि त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चिखलदऱ्याची मोटार एकीकडे जाते. आम्ही बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी धरली.

रोज एक वाक्य

अकोल्याच्या गावाबाहेर तो दवाखाना होता. लांबलचक खोली, भिंतीकडे डोकं करून खाटा, पुढं व्हरांडा. सकाळी ताप बघायचे, मग सुई, मग मूठभर गोळ्या, दूध, अंडं, आणि नंतर नुसतं पडून राहायचं. प्रत्येकीच्या खाटेखाली थुंकायचं झाकणाचं भांडं. सकाळी ते स्वतः नेऊन ठेवायचं असे. पहिल्या दिवशी मी ते पदराखाली झाकून नेलं. सगळ्या खोलीत तीच भांडी होती आणि मी माझं झाकत होते! हसू येतं आता. तेव्हा वाटायचं, धरणीनं पोटात घ्यावं.

तिथली सिस्टर मोठी कडक. बोलायचं नाही, वाचायचं नाही, उठून बसायचं नाही. माझं पवित्र शास्त्र छातीवर उघडलेलं पाहून ती केवढ्यानं ओरडली! "छातीला आराम द्यायचा की वजन?" तिनं पुस्तक उचललं आणि कपाटात ठेवून दिलं. मी मनात म्हटलं, ने. मला पाठ आहे.

आणि मी सुरू केलं. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, एकामागून एक वचन. शब्द बरोबर येत होते, एक काना चुकत नव्हता. आत मात्र काही पोचत नव्हतं. मला माझाच आवाज ऐकू यायचा, लोकांच्या उशाशी बसून म्हणतानाचा. त्या माणसांना काय वाटलं असेल, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. भीती तर इतकी होती की सांगायची सोय नाही. मी मरेन, आणि लीलीला माझं तोंडसुद्धा आठवणार नाही. त्या भीतीपुढे माझं सगळं पाठांतर पाढ्यांसारखं कोरडं पडलं. मला देवासमोर इतकी लाज वाटली की मी प्रार्थनाच बंद केली.

शेजारच्या खाटेवर सुभद्रा होती. पातूरकडच्या एका खेड्यातली, घरचे सगळे शेतमजुरीला. अंगात काही उरलं नव्हतं, पण तोंड तिखट. एक दिवस ती म्हणाली, "तू दिवसभर ओठ हालवून काय पुटपुटून राहिली वो?"

"शास्त्रातली वचनं."

"मंग मोठ्यानं म्हन ना. मी इथं छताकडं पाहू पाहू येडी होऊन राहिली." लगेच बोट वर करून म्हणाली, "पन देवाचं सांगू नको. आमी आता बौद्ध झालो, देवबिव सोडले. एखाद्या बाईचं असन तर सांग."

दुपारच्या विश्रांतीआधी सिस्टर औषधाचं कपाट बंद करायला जायची. तेवढ्यात जेमतेम एक वाक्य बोलता यायचं. जास्त बोललं की खोकला, आणि खोकला आला की सिस्टर. म्हणून मी सगळ्यात छोटी गोष्ट निवडली. रक्त जाण्याचा आजार असलेल्या बाईची, जी गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला हात लावते. म्हटलं, चार दिवसांत संपेल.

पहिल्या दिवशी सांगितलं, एक बाई होती आणि तिला वर्षानुवर्षं रक्त जात होतं.

"तिले नवरा व्हता का?" सुभद्रानं विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"मंग जेवाले कोन देत होतं तिले?"

"तेही लिहिलेलं नाही."

"वा वो! अन् म्हने मास्तरीन हाय!"

मला राग आला. बरं, राग आला तरी पुढचं वाक्य उद्या. तेवढा अख्खा दिवस माझ्यापाशी तो प्रश्न. जेवायला कोण देत असेल? त्या काळी अशी बाई विटाळशी धरली जायची. तिचं ताट वेगळं असणार. कोणीतरी ते दुरून सरकवत असणार. मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. ती बाई जेवत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

असं रोज. ती वैद्यांकडे फिरली आणि जास्तच बिघडली, हे सांगितलं त्या दिवशी सुभद्रानं तिच्या गावच्या झाडपाल्यावाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. ती बाई मागून आली, असं सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "मागून गेली! हुशार हाय लेकाची." मलाही ते पटलं. मागून जाणं मला चांगलंच कळत होतं.

डोंगर कुठी हाय

हे महिन्यातून एकदा येत. एकदा लीलीनं फारच हट्ट धरला म्हणून तिला घेऊन आले. तिला आत आणायची परवानगी नव्हती. व्हरांड्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली ती उभी राहिली, मी खाटेवर टेकून बसले. किती उंच झाली होती! यांनी हसत हसत सांगितलं, "कौसल्याबाई कॉफीची आठवण करून राहिल्या होत्या. मी अमरावतीतूनच घेतली अन् तू पाठवली म्हणून वाटली. सगळ्यांनी नावाजली." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला आणि ते उगाच चष्मा पुसू लागले.

तेवढ्यात लीलीनं तिकडून ओरडून विचारलं, "आई, हेच का चिखलदरा?"

"हो," मी म्हटलं.

"मंग डोंगर कुठी हाय?"

"मागच्या बाजूला आहे. इथून दिसत नाही."

तिनं टाचा उंच करून दवाखान्याच्या छपराच्या वर पाहिलं. तिला काही दिसलं नाही, तरी ती मान डोलावून म्हणाली, "दिसला." आपली आई खोटी पडू नये म्हणून माझं चार वर्षांचं लेकरू खोटं बोललं. गोळ्यांची कडू चव मी विसरले, ही नाही विसरले.

त्या दिवशीचं वाक्य मी गोष्टीचं सांगितलं नाही. मी सुभद्राला म्हटलं, "आम्ही सगळ्यांना खोटं सांगितलंय." तिला मी शहाणी वाटले. "माह्या गावात समद्याइले ठाऊक हाय. कोनी अंगनात पाय ठेवत नाई. तुह्यंच बरं हाय बाई."

मग ते वाक्य आलं. ती बाई बरी झाली, आणि प्रभू थांबला, आणि त्यानं विचारलं, मला हात कोणी लावला?

सुभद्रा उठूनच बसली. "कावून? बरी झाली ना थे? मंग जाऊ द्या ना गुपचूप! चार लोकात उभं कराले कावून पाह्यजे?"

या प्रश्नाला प्रवचनातली उत्तरं मला ठाऊक होती. बायकांच्या सभेत मीच दिलेली होती. एकही तोंडातून निघालं नाही. कारण मीसुद्धा तितकीच चिडले होते. खरंच, का? जिनं आयुष्यभर तोंड लपवलं, तिला रस्त्यात थांबवून सगळ्यांसमोर बोलायला लावायचं? मी गोष्ट तिथंच थांबवली. सुभद्रा रोज विचारायची, मी रोज उद्यावर ढकलायची.

कापूस वेचायला आला तेव्हा तिचा भाऊ तिला न्यायला आला. सिस्टर खूप ओरडली, अजून बरी नाही म्हणाली. तो ऐकेना. सुभद्रा गाठोडं घेऊन दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मंग त्या बाईचं काय झालं वो शेवटी?"

माझ्या तोंडात थर्मामीटर होतं. सिस्टर समोर उभी होती. मी हातानं थांब अशी खूण केली. थर्मामीटर काढता आलं असतं. मी काढलं नाही, कारण शेवट मला पाठ होता, तरी सांगायची हिंमत नव्हती. भाऊ घाई करत होता. ती गेली, आणि पुढं तिचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

नंतर ती खाट कितीतरी दिवस रिकामी होती आणि तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी. दुसरं काही म्हणायचं मी सोडलंच होतं. तेवढं एक वाक्य घेऊन सकाळी डोळा उघडायचा, तेच घेऊन पडून राहायचं. हळूहळू मला ती बाई गर्दीतून घरी जाताना दिसू लागली, न थांबवलेली, गुपचूप सुटलेली. अंग बरं आहे. पण गावाला कुठं माहीत आहे? शेजारीण अजून ताट दुरूनच सरकवते आहे. कोणी तिला शिवत नाही. ती बरी आहे आणि एकटी आहे. गोष्टीच्या शेवटी ती पुढं येऊन खरं सांगते. सगळ्यांनी ऐकावं म्हणून त्यानं तिला सगळ्यांसमोर बोलावलं आणि मुलगी म्हटलं. तसं केलं नसतं तर तिला घरात घेतलं कोणी असतं?

हे उमगलं तेव्हा आनंद वगैरे झाला नाही. घाम फुटला. कारण मीही बरी होत होते, आणि मी चिखलदऱ्याहून घरी जाणार होते. तिथल्या हवेबद्दल बायकांना सांगणार होते, आणि लीली माझ्या शेजारी उभी राहून माझं खोटं सांभाळणार होती.

पेला

सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टर यांना म्हणाले, "आता यांच्यापासून कोणाला धोका नाही. मूलबाळ जवळ घेऊ द्या." माझा जीव भांड्यात पडला. घरी आले तर लीली मायच्या लुगड्याआड. आणि मायनं माझं ताट वेगळंच वाढलं. "डॉक्टर म्हनते थे खरं असन. पन जपलेलं काय वाईट हाय?" रात्री लीली मायच्याच खोलीत निजली.

मी यांना म्हटलं, "रविवारी मी खरं सांगणार आहे." हे म्हणाले, "मायला आधी सांगू नको. ती येऊच देणार नाही तुला."

त्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. बायका एका बाजूला बसतात. बाकावर मी, माझ्या उजवीकडे माय, आणि मायच्या पलीकडे लीली, म्हणजे मध्ये माय. मंडळीच्या पाळकसाहेबांनी माझं कौतुक केलं, डोंगरावरच्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले आणि मला साक्ष द्यायला बोलावलं. वचनानं कसं सांभाळलं ते सांगा, म्हणाले.

मी उभी राहिले. इतकी वर्षं बोलणारी मी, मला पहिला शब्द सापडेना.

"मी चिखलदऱ्याला गेले नव्हते," मी म्हटलं. "मला क्षय झाला होता. मी अकोल्याच्या दवाखान्यात होते. तुम्ही माझ्या सेवेसाठी प्रार्थना करत होता आणि मी खाटेवर पडून होते. आणि मला जी वचनं पाठ होती, ती तिथं माझ्या उपयोगी पडली नाहीत. एकच गोष्ट उपयोगी पडली, तीसुद्धा फार उशिरा."

मागच्या बाकावर कोणीतरी आपलं मूल जवळ ओढलं, ते मला न बघताही कळलं. आणि मग कौसल्याबाईचा आवाज आला, "मंग थे कॉफी कुठची व्हती?"

"इथल्याच दुकानातली," मी म्हटलं.

दोघीतिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मी खाली बसले. माय समोर पाहत होती. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. मी मनात म्हटलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही.

आमच्या मंडळीत एकच पेला असतो आणि तो बाकावरून हातोहात फिरतो. एकीनं प्यायचं, पुढचीला द्यायचं. माझ्या डावीकडची बाई पिऊन झाली आणि तिनं पेला माझ्या हातात दिला. तिचे डोळे माझ्याकडे वळले नाहीत. साऱ्या बायका माझ्या हाताकडे पाहत होत्या. धोका नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, या बायकांना कुठं सांगितलं होतं? मी ओठ न लावता पेला तसाच मायपुढं धरला.

मायनं हात पुढं केला नाही.

"पी," ती म्हणाली. हळू बोलणं तिला येतच नव्हतं. सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

"माय, राहू दे ना. लोक..."

"पी म्हनते ना! तुह्यामागून मले प्याचं हाय."

मी प्याले. थोडं साडीवर सांडलं. मायनं पेला माझ्या हातातून घेतला, कड पुसली नाही, जिथं माझे ओठ लागले होते तिथंच ओठ लावून प्याली आणि पुढं दिला. पुढच्या बायकांनी काय केलं ते मला दिसलं नाही. डोळे भरून आले होते आणि लाजेनं मान वर होत नव्हती.

मायनं पदरानं तोंड पुसलं, पलीकडे हात घालून लीलीला उचललं आणि आपल्या अंगावरून इकडच्या बाजूला ठेवलं.

"जाय," ती म्हणाली, "आईपाशी बस."